‘आर्ट’ आणि ‘आर्ट्स’: चित्रकलेत पुढे जायचं तर अकरावीला नेमकं काय घ्यायचं?

दहावीचा निकाल लागला की चित्रकलेची आवड असलेल्या मुलांच्या घरात साधारण दोन वाक्यं ऐकू येतात. पहिलं, "चित्रं छान काढते ना, मग आर्ट्सला घाला." आणि दुसरं, "आधी सायन्स घे. चित्रं काय, नंतरही काढता येतील."

दोन्ही वाक्यांमागे काळजीच असते. पण फॉर्म भरताना दोन्ही वाक्यं दगा देऊ शकतात.

पहिल्या घरातली मुलगी कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात वेळापत्रक बघते. इंग्रजी, मराठी, इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, अर्थशास्त्र. चित्रकलेचा तास शोधूनही सापडत नाही. दुसऱ्या घरातला मुलगा कॉलेज, क्लास आणि टेस्ट सिरीज यांत दोन वर्षं काढतो. बारावीची परीक्षा संपल्यावर डिझाइनच्या कॉलेजची वेबसाइट उघडतो, तेव्हा त्याला कळतं की यंदाची प्रवेश परीक्षा जानेवारीतच होऊन गेली.

त्यामुळे अकरावीचा पसंतीक्रम भरण्याआधी हा सगळा प्रकार नीट समजून घेऊया.

एका ‘स’चा घोळ

‘आर्ट’ आणि ‘आर्ट्स’ या दोन शब्दांत फरक एका ‘स’चा. पण अर्थात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. मराठीत तर तो ‘स’सुद्धा उरत नाही. आपण दोन्हीला ‘कला’च म्हणतो.

अकरावीच्या फॉर्मवर जी ‘कला शाखा’ असते ती प्रत्यक्षात मानव्यविद्यांची शाखा आहे. म्हणजे भाषा, इतिहास, भूगोल, राज्यशास्त्र, मानसशास्त्र, तर्कशास्त्र वगैरे. जुन्या युरोपीय विद्यापीठांत ‘आर्ट्स’ म्हणजे ‘विद्या’ असा अर्थ होता. तिथून ‘बीए’ ही पदवी आली आणि इंग्रजांबरोबर आपल्याकडे पोहोचली. चित्रकला, शिल्पकला यांच्यासाठी आपल्याकडे ‘ललित कला’ किंवा ‘दृश्यकला’ असे शब्द आहेत. पण फॉर्मवर ते दिसत नाहीत.

यातली गंमत अशी की मुंबईला ‘आर्ट’ आणि ‘आर्ट्स’ या दोन्ही गोष्टी एकाच वर्षी मिळाल्या. 1857 मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झालं आणि त्याच वर्षी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून उभं राहिलेलं जे. जे. स्कूल ऑफ आर्टही सुरू झालं. दोन संस्था, दोन वेगळ्या वाटा. पावणेदोनशे वर्षं होत आली, तरी आपण त्या एकाच नावानं हाक मारतोय.

मग कला शाखेत चित्रकला अजिबातच नसते का? असते, पण मोजक्या ठिकाणी. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या बारावीच्या विषययादीत चित्रकला आणि कलेचा इतिहास व रसग्रहण असे विषय आहेत. अडचण अशी की यादीत असलेला विषय तुमच्या गावच्या कॉलेजात शिकवला जातोच असं नाही. कला शाखेच्या विद्यार्थ्याला सहसा इंग्रजी, आणखी एक भाषा आणि चार ऐच्छिक विषय घ्यावे लागतात. पण त्या चारांची निवड कॉलेजकडे कोणते शिक्षक आहेत यावरच ठरते. म्हणून पसंतीक्रमात कॉलेजचं नाव टाकण्याआधी तिथे फोन करून किंवा स्वतः जाऊन एकच प्रश्न विचारा: "तुमच्याकडे चित्रकला हा विषय आहे का, आणि तो शिकवायला शिक्षक आहेत का?" दुसरा अर्धा प्रश्न जास्त महत्त्वाचा.

कोणत्या कोर्सला कोणती शाखा चालते?

इथे बहुतेकांना आश्चर्य वाटतं. कारण खरं उत्तर पालकांना वाटतं त्यापेक्षा बरंच सोपं आहे.

बीएफए, म्हणजे ललित कलेची चार वर्षांची पदवी, बारावीनंतर कोणत्याही शाखेतून करता येते. सायन्स, कॉमर्स, आर्ट्स, सगळ्यांना दार उघडं आहे. पहिलं वर्ष सहसा पायाभूत अभ्यासाचं असतं आणि नंतर पेंटिंग, शिल्पकला, उपयोजित कला अशा शाखा निवडता येतात. उपयोजित कला म्हणजे जाहिरात, पुस्तकांची मांडणी, पॅकेजिंग, लोगो, अ‍ॅपच्या स्क्रीन हे सगळं. जे. जे.मध्ये तर सिरॅमिक, धातुकाम, वस्त्रकला आणि अंतर्गत सजावट यांचेही विभाग आहेत.

बीडेस, म्हणजे डिझाइनची पदवी, याचंही तसंच. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था अर्थात एनआयडी, निफ्टचे बीडेसचे कोर्स आणि आयआयटींमधले बीडेस यांना बारावीची शाखा आडवी येत नाही. हो, बरोबर वाचलंत. आर्ट्स किंवा कॉमर्सचा विद्यार्थीसुद्धा आयआयटी मुंबईत शिकू शकतो. त्यासाठी जेईई लागत नाही, ‘युसीड’ नावाची वेगळी परीक्षा लागते आणि ती आयआयटी मुंबईच घेते. पवईच्या कॅम्पसमध्ये डिझाइनचं शिक्षण 1969 पासून चालू आहे, तरीही आपल्याकडे ‘आयआयटी’ म्हटलं की डोळ्यांसमोर फिजिक्सचं गाइडच येतं.

आता अपवाद. आणि हा अपवाद ठळक अक्षरांत लिहून कपाटावर चिकटवण्यासारखा आहे.

आर्किटेक्चर. बीआर्क या पाच वर्षांच्या कोर्सला बारावीला फिजिक्स आणि गणित हे दोन्ही विषय लागतात. त्याशिवाय ‘नाटा’ किंवा जेईई मेनचा आर्किटेक्चरचा पेपर द्यावा लागतो. म्हणजे सायन्स घेऊन गणित सोडलं आणि फक्त बायोलॉजी ठेवलं, तर हे दार बंद. कॉमर्सला गणित घेतलं, पण फिजिक्स नाही, तरी बंद. दहावीनंतर गणित असलेला तीन वर्षांचा डिप्लोमा करून बीआर्कला जाण्याचा रस्ता आहे. पण दोन वर्षं आर्ट्स करून मग "आता आर्किटेक्ट व्हायचंय" असं ठरवलं, तर सरळ रस्ता उरत नाही. निफ्टचा फॅशन टेक्नॉलॉजीचा कोर्ससुद्धा याच गटातला आहे. तिथे फिजिक्स, केमिस्ट्री आणि गणित लागतं.

म्हणजे प्रश्न "चित्रकलेसाठी कोणती शाखा" असा नाहीच. प्रश्न असा आहे की इमारती बांधायचं स्वप्न थोडं जरी मनात असेल, तर गणित-फिजिक्स सोडायचं का? माझं मत स्पष्ट आहे. दहावीला गणितात बरे गुण असतील आणि आर्किटेक्चरचा विचार एकदा तरी मनात आला असेल, तर दोन वर्षं गणित ओढावं. आणि तो विचार कधीच आला नसेल, तर केवळ ‘सेफ’ म्हणून सायन्स घेण्याला काही अर्थ नाही.

पण सायन्स घेतलं तर बिघडलं कुठे?

कागदावर काहीच बिघडत नाही. सायन्स करून बीएफएला गेलेली मुलं भरपूर आहेत आणि काही क्षेत्रांत सायन्सचा थेट उपयोग होतो. जुन्या चित्रांचं जतन-संवर्धन घ्या. रंगद्रव्य कोणतं, वार्निश का पिवळं पडलं, कागदाला बुरशी कशी लागली, हे कळायला केमिस्ट्री लागते. मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात कला-संवर्धनाचं केंद्रच आहे. वैद्यकीय पुस्तकांतली चित्रं काढणाऱ्याला बायोलॉजीचा फायदा होतो. ज्यांना भारतीय सिनेमाचे जनक म्हणतात ते दादासाहेब फाळके जे. जे.मध्ये चित्रकला शिकले, मग बडोद्याच्या कलाभवनात गेले, फोटोग्राफी आणि छपाईचं तंत्र शिकले. 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ आला तो या सगळ्या मिश्रणातून.

अडचण असते ती वेळेची. अकरावी-बारावी सायन्स म्हणजे आपल्याकडे केवळ सायन्स नसतं. त्याच्याबरोबर क्लास येतो, क्लासबरोबर सीईटी, जेईई किंवा नीट येते आणि दिवस संपतो. चित्रकलेचा हात मात्र सवयीनं तयार होतो. रोज स्केचबुकचं एखादं पान काढणारा मुलगा आणि दोन वर्षं पेन्सिल न उचललेला मुलगा यांच्यातला फरक परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्या दहा मिनिटांत दिसतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत एक महिन्याचा क्रॅश कोर्स लावून तो भरून निघत नाही.

म्हणून शाखा निवडताना एक साधा हिशोब करून बघा. या विषयांचा अभ्यास करून आठवड्यात चित्रांसाठी किती तास उरतील? सायन्स झेपत असेल आणि तरी आठ-दहा तास उरत असतील, तर खुशाल घ्या. उरणार नसतील, तर आर्ट्स किंवा कॉमर्स घेऊन तो वेळ मोकळा ठेवणं ही कमीपणाची गोष्ट नाही.

आर्ट्स घेणाऱ्यांनीही चार ऐच्छिक विषय डोळे मिटून घेऊ नयेत. मानसशास्त्र डिझाइनला उपयोगी पडतं, कारण वस्तू वापरणारा माणूस कसा वागतो हा डिझाइनचा रोजचा प्रश्न आहे. इतिहासाचा कलेच्या इतिहासाला आधार होतो. आणि कॉमर्सला नाक मुरडणाऱ्यांसाठी एक छोटी गोष्ट: फ्रीलान्स काम करणाऱ्या इलस्ट्रेटरला चित्राइतकाच वेळ बिलं पाठवण्यात, जीएसटी समजून घेण्यात आणि थकलेले पैसे मागण्यात घालवावा लागतो. हिशोब कच्चा असला की चित्र कितीही पक्कं असो, महिनाअखेर अवघड जाते.

एलिमेंटरी-इंटरमिजिएट: फक्त सात गुणांसाठी?

महाराष्ट्रातल्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकानं ही दोन नावं ऐकलेली असतात. राज्याचं कला संचालनालय शासकीय रेखाकला परीक्षा घेतं. आधी एलिमेंटरी, मग इंटरमिजिएट. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन असे पेपर आणि निकालात अ, ब, क श्रेणी.

दहावीच्या गुणपत्रिकेत चित्रकला हा विषय गुणांसाठी मोजला जात नाही. पण इंटरमिजिएट पास असलेल्यांना दहावीत वाढीव गुण मिळतात. अ श्रेणीला 7, ब श्रेणीला 5, क श्रेणीला 3. दहावीची टक्केवारी 500 पैकी काढली जाते, म्हणजे 7 गुणांनी जवळपास दीड टक्का वाढतो. अकरावीच्या कट-ऑफला जिथे अर्ध्या टक्क्यावर कॉलेज हुकतं, तिथे दीड टक्का ही मोठी रक्कम आहे. कोरोनाच्या काळात 2021 मध्ये हे गुण न देण्याचा निर्णय झाला तेव्हा त्यावरून मोठा वाद झाला, तो उगाच नाही.

पण गुणांच्या या चर्चेत या परीक्षेचा खरा उपयोग मागे पडतो. बीएफएच्या प्रवेशासाठी राज्यात जी सीईटी होते, तिच्यातले प्रात्यक्षिक पेपर बघा. वस्तुचित्र, स्मरणचित्र आणि डिझाइन. सोबत सामान्यज्ञानाचा एक पेपर. नावं ओळखीची वाटली ना? शाळेत ज्या पेपरांना आपण ‘वाढीव गुणांची परीक्षा’ म्हणून उरकतो, तेच पेपर चार वर्षांनी करिअरचं दार ठरतात.

या पेपरांत नेमकं काय बघितलं जातं, हेही समजून घेण्यासारखं आहे. वस्तुचित्रात समोर मांडलेला तांब्या, कापड, फळं काढायची असतात. तांब्याचं तोंड वरून गोल असतं, पण आपल्या जागेवरून ते लंबगोल दिसतं. माहिती असलेलं काढायचं की दिसणारं, इथेच अर्धे विद्यार्थी गडबडतात. मग प्रमाण, उजेड कुठून येतो, सावली किती गडद, पोत कसा. स्मरणचित्रात विषय दिलेला असतो, समजा आठवडी बाजार किंवा बसस्टॉप. समोर काहीच नसतं. माणसं वाकलेली, बसलेली, पाठमोरी, वेगवेगळ्या अंतरावर मनानंच काढायची असतात. इथे घोकलेली चित्रं लगेच उघडी पडतात. डोंगर, सूर्य, झोपडी, नदी या साच्यावर वाढलेल्यांना बाजारातली भाजीवाली काढता येत नाही, कारण त्यांनी तिच्याकडे कधी नीट बघितलेलंच नसतं. संकल्पचित्रात दिलेल्या आकारात नक्षी बसवायची आणि मोजक्या रंगांत ती जुळवायची.

आता यातली बोचणारी बाजू. ही परीक्षा शाळेमार्फत दिली जाते. शाळेत चित्रकलेचे शिक्षक असतील तर ते फॉर्म भरून घेतात, सराव घेतात, मुलांना केंद्रावर घेऊन जातात. शिक्षकच नसतील तर? 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यात सहावी ते आठवीच्या वर्गांसाठी, पटसंख्या 100 च्या वर असेल तर कला शिक्षणाला अंशकालीन निदेशक द्यावा, अशी तरतूद आहे. म्हणजे लहान शाळांना कायद्यानं तेवढंही मिळत नाही. जिथे एक-दोन शिक्षक सगळे वर्ग सांभाळतात, तिथल्या मुलांना इंटरमिजिएटचा फॉर्म कधी येतो हेच कळत नाही. मग दहावीचे 7 गुणही जातात आणि सीईटीची तयारीही. हाताला चांगलं वळण असलेली कितीतरी मुलं या टप्प्यावरच गळतात. त्यात त्यांच्या निवडीचा प्रश्नच नसतो.

तुमच्या शाळेत शिक्षक नसतील, तर जवळच्या ज्या हायस्कूलमध्ये परीक्षेचं केंद्र असतं तिथल्या कलाशिक्षकांना भेटा. शाळा सुरू झाली की लगेच चौकशी करा, कारण फॉर्म परीक्षेच्या बरेच दिवस आधी भरले जातात.

डिझाइनच्या परीक्षा वेगळ्या का वाटतात?

कारण त्या चित्राची परीक्षा घेतच नाहीत. निदान फक्त चित्राची घेत नाहीत. युसीडच्या पहिल्या भागात कॉम्प्युटरवर प्रश्न सोडवायचे असतात. ठोकळा फिरवला तर कसा दिसेल, दिलेल्या चित्रात काय चुकतंय, तर्कशास्त्र, भाषा, समाज आणि पर्यावरणाचं भान. दुसऱ्या भागात हातानं रेखाटन करायचं असतं. एनआयडीमध्ये पहिल्या फेरीतून निवड झालेल्यांना पुढे स्टुडिओ टेस्टला बोलावतात. निफ्टच्या ‘सिच्युएशन टेस्ट’मध्ये समोर साहित्य ठेवतात आणि त्यातून एखादी गोष्ट बनवायला सांगतात. कागद, तार, दोरा, पुठ्ठा जे काही असेल त्यातून.

घरातला बिघडलेला मिक्सर उघडून बघणाऱ्या, आजीच्या गुडघ्यांना त्रास होतो म्हणून पाटाची उंची वाढवून देणाऱ्या मुलांसाठी या परीक्षा आहेत. अशी मुलं शेडिंगमध्ये कच्ची असली तरी इथे पुढे जाऊ शकतात. उलट सुंदर निसर्गचित्रं काढणाऱ्या मुलीला डिझाइन कंटाळवाणं वाटू शकतं. म्हणून "ड्रॉइंग चांगलं आहे, डिझाइनला टाका" हे वाक्यही थोडं तपासून घ्यावं.

तारखा: सगळ्यात जास्त मुलं इथे हुकतात

बारावीच्या परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये होतात. युसीड जानेवारीत असते आणि तिचे फॉर्म आदल्या ऑक्टोबरच्या सुमारास सुटतात. एनआयडी आणि निफ्टच्या पहिल्या परीक्षाही याच थंडीच्या दिवसांत, बोर्डाच्या आधीच उरकतात. म्हणजे डिझाइनला जायचं असेल तर बारावीच्या दिवाळीपर्यंत निर्णय झालेला हवा. बीएफएची सीईटी आणि नाटा मात्र नंतर, उन्हाळ्याकडे झुकत असतात.

आणखी एक गोष्ट. युसीड जास्तीत जास्त दोनदाच देता येते, आणि तीही सलग वर्षांत. एनआयडी आणि निफ्टला वयाची अट आहे. त्यामुळे "आधी इंजिनिअरिंगचं एक वर्ष बघू, मग ठरवू" हा बेत महागात पडू शकतो.

जे. जे. 2023 मध्ये अभिमत विद्यापीठ झालं आहे. त्यामुळे तिथल्या प्रवेशाची सूचना त्यांच्या वेबसाइटवर वेगळी बघावी. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथेही शासकीय कला महाविद्यालयं आहेत. पुण्यात अभिनव कला महाविद्यालय आहे. गोव्यात पणजीच्या आल्तिनो टेकडीवर गोवा कला महाविद्यालय आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाची ललित कला शाखाही नावाजलेली, आणि मराठी मुलांना ती परकी वाटू नये. नारायण श्रीधर बेंद्रे यांच्यासारख्या चित्रकारानं तिथे शिकवलेलं आहे.

सीबीएसईवाल्यांचं काय?

त्यांच्याकडे गोष्ट थोडी सोपी आहे. सीबीएसईत अकरावी-बारावीला ‘पेंटिंग’ हा रीतसर विषय घेता येतो आणि त्यात 70 गुण प्रात्यक्षिकाला, 30 लेखीला. लेखीत राजस्थानी, पहाडी, मुघल आणि दख्खनी शैलींपासून बंगाल शैलीपर्यंतचा अभ्यास असतो. अर्थात इथेही शाळेनं विषय ठेवला पाहिजे ही अट आहेच. मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था म्हणजे एनआयओएससुद्धा दहावी आणि बारावी दोन्ही स्तरांवर पेंटिंग शिकवते. नियमित शाळा सुटलेल्यांना तो पर्याय आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कला आणि विज्ञान यांच्यातली भिंत पाडण्याची भाषा आहे. त्यावर आधारलेल्या 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात नववी-दहावीला कला शिक्षण हा सगळ्यांसाठीचा विषय मानलाय आणि अकरावी-बारावीला वेगवेगळ्या गटांतून विषय निवडण्याची मुभा सुचवली आहे. म्हणजे एकच विद्यार्थी फिजिक्स आणि चित्रकला दोन्ही घेऊ शकेल. वाचायला छान वाटतं. पण आज ज्याच्या हातात अकरावीचा फॉर्म आहे त्याला अजूनही सायन्स, कॉमर्स, आर्ट्स यांतला एकच चौकोन निवडायचा आहे. आणि भिंत पाडल्यावरही पलीकडे शिकवायला माणूस लागतोच.

पैशांचं बोलू

हा विषय घरात सगळ्यात शेवटी निघतो, खरं तर तो आधी निघायला हवा. शासकीय कला महाविद्यालयाची फी आणि खासगी डिझाइन कॉलेजची फी यांत कित्येक पटींचा फरक असतो. एनआयडी, निफ्ट सरकारी असल्या तरी चार वर्षांचा खर्च लाखांत जातो. त्यावर कागद, रंग, कॅनव्हास आणि पुढच्या वर्षांत बऱ्यापैकी लॅपटॉप. प्रवेश परीक्षेच्या क्लासचा खर्च वेगळा. बीएफएच्या सीईटीसाठी शाळेतले चांगले कलाशिक्षक, जुने पेपर आणि रोजचा सराव एवढ्यावर तयारी होऊ शकते. डिझाइनच्या परीक्षांचे जुने पेपरही शोधले तर सापडतात, युसीडचे तर अधिकृत वेबसाइटवरच मिळतात. महागडा क्लास लावण्याआधी ते दोन-तीन पेपर घड्याळ लावून सोडवून बघा.

महाराष्ट्रात कला संचालनालयाच्या अखत्यारीतल्या अभ्यासक्रमांनाही राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना लागू आहे. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल तर महाडीबीटी पोर्टलवर त्यासाठी अर्ज करता येतो. अट अशी की प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून झालेला हवा. कॉलेजनं थेट व्यवस्थापन कोट्यातून दिलेल्या जागेवर ही सवलत मिळत नाही. त्यामुळे "सीईटी कशाला, आमच्याकडे डायरेक्ट अ‍ॅडमिशन आहे" असं कोणी सांगितलं, तर पावती फाडण्याआधी चार वर्षांची पूर्ण फी किती आणि त्यातली किती परत मिळणार, हे लेखी मागून घ्या.